ओडीटी फाईल परत का पाठवतात?

गोदाकाठचा डीटीपीवाला: अशोक स्तंभाजवळ माझं डीटीपीचं काम आहे, २० वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एका संस्थेचा वार्षिक अहवाल लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करून त्याची ओडीटी फाईल पाठवली तर परत आली, म्हणे वर्डमध्येच द्या. अहो ओडीएफ, म्हणजे ओडीटी ज्यात येते तो खुला फॉरमॅट, २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्टँडर्ड आहे, वर्डच्या डॉक्एक्सच्या दोन वर्षं आधी! नियम उघड आहेत, कोणीही वाचून प्रोग्रॅम बनवावा. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कामात तरी एकाच कंपनीच्या फॉरमॅटचा हट्ट नको, एवढंच म्हणणं आहे.

सातपूरचा अकाउंटंट: दादा, तुमचं दुखणं कळतं पण समोरच्याचाही विचार करा. आमच्या कारखान्यात सगळा हिशोब एक्सेलच्या शीटमध्ये, १०-१२ वर्षांचे मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, त्यात, महिनाअखेरीला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि मॅक्रो चालले नाहीत तर रात्री बसून दुरुस्त कोण करणार? आणि वर्डचं डॉक्एक्स, एक्सेलचं एक्सएलएसएक्स पण २००८ ला आयएसओने पास केलंय, नंबर २९५००. दोन्ही स्टँडर्डच, मग जे चालतंय ते वापरू दे ना लोकांना.

गोदाकाठचा डीटीपीवाला: पास कसं झालं ते पण सांगा. सहा हजारांच्या वर पानं, आणि आणली फास्ट ट्रॅकने, म्हणजे झटपट मंजुरीच्या वाटेने! २००७ च्या सप्टेंबरात मतदानात अडकलं, मग जिनिव्हात बैठक, मग २००८ ला मंजूर. भारताने म्हणजे आपल्या मानक ब्युरोने, बीआयएसने, दोन्ही वेळा विरोधात मत दिलं, नंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएलासोबत अपील पण केलं. फेटाळलं ते, पण आक्षेप खोटे नव्हते. त्या शीटच्या नियमात १९०० साल लीप वर्ष धरलेलं, जे नव्हतंच.

सातपूरचा अकाउंटंट: ते लीप वर्षाचं लोटस १-२-३ या जुन्या शीटच्या सॉफ्टवेअरपासून आलंय, जुन्या शीटमधल्या तारखा हलू नयेत म्हणून तसंच ठेवलं. तुम्हाला ती चूक वाटते, मला तोच भरवसा वाटतो. जुनी शीट उघडली की आकडे तेच दिसले पाहिजेत, बाकी काही नको.

पंचवटीची वाचक: तुम्ही दोघं फॉरमॅटवर भांडताय, आमचं बघा. मंडळाची २००४ ची स्मरणिका साध्या डॉक फाईलमध्ये आहे, उघडते व्यवस्थित, पण आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. तेव्हाचा फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकच कोडिंग असलेला, नव्हता, आणि तो आता कोणाकडे नाही. आजीच्या आठवणींचा लेख आहे त्यात, छापील प्रतीला वाळवी लागली.

गोदाकाठचा डीटीपीवाला: ताई, हाच तर मुद्दा आहे! प्रत्येक फॉन्टवाल्याचं कोडिंग वेगळं, एकाचं लिहिलेलं दुसऱ्याकडे वाचता येत नव्हतं. तोच आजार फाईलच्या फॉरमॅटला नको म्हणून मी ओरडतोय.

पिंपळगावचा द्राक्षवाला: आमचे एक्स्पोर्टचे कागद सगळे पीडीएफ. अडोबीने १९९३ ला काढलं, २००८ ला आयएसओ स्टँडर्ड झालं, आता कशातही उघडतं, कोणाची तक्रार नाही.

सातपूरचा अकाउंटंट: भाऊ, पीडीएफ पाहायला ठीक, त्यात बेरीज-वजाबाकी नाही करता येत. आणि दादा, खरं सांगू का, वर्ड २००९ पासून ओडीटी उघडतं, २००७ च्या व्हर्जनला सर्व्हिस पॅक आला तेव्हापासून. म्हणजे तुमची फाईल तिथे उघडलीच असती.

गोदाकाठचा डीटीपीवाला: माहितीये, म्हणूनच जास्त लागलं. त्यांनी उघडूनच पाहिली नाही, एक्स्टेन्शन बघितलं आणि परत पाठवली.

सातपूरचा अकाउंटंट: हे मात्र चुकलंच त्यांचं. पण मॅक्रोवाल्या शीटबद्दल माझं मत तेच आहे.

पंचवटीची वाचक: दादा, त्या स्मरणिकेचं काही होईल का?

गोदाकाठचा डीटीपीवाला: फॉन्टचं नाव आणि दोन पानं पाठवा, कन्व्हर्टरमधून काढून बघतो. फक्त छापील प्रत टाकून देऊ नका, रफार आणि जोडाक्षरं नेहमी चुकतात, ती ओळ न् ओळ ताडून बघावी लागतील.