जुनी लक्झरी सेडान की नवी छोटी गाडी?

नव्या छोट्या गाडीच्या पैशांत पाच-सहा वर्षं वापरलेली लक्झरी सेडान मिळते, मग तीच का घेऊ नये, असा प्रश्न अनेकदा पडतो. घरात ती एकुलती एक गाडी असणार असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नका.

गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) बिघडलं की बिल नव्या गाडीच्याच हिशोबानं येतं. टायर रुंद आणि कमी उंचीचे, त्यामुळे खड्ड्यात रिमला मार बसण्याची भीती जास्त. रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) असतील तर बऱ्याचदा स्टेपनीही नसते. सौदा करण्याआधी चारही टायर आणि ब्रेक डिस्क बदलायला किती लागतील, एवढं तरी विचाराच.

मोठी गाडी म्हणजे सुरक्षित, हे अर्धंच खरं. समोरासमोरच्या धडकेत वजनाचा फायदा होतो, मान्य. पण सुरक्षितता गाडीतल्या यंत्रणांवरही ठरते. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून ती सावरणारी यंत्रणा, १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या एस-क्लासमध्ये आली आणि १९९७ साली त्यांचीच छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका चाचणीत उलटल्यावर तिच्यातही ती सरसकट द्यावी लागली. म्हणून छोटी घेताना मोठ्या टचस्क्रीनचा मोह सोडा, ईएसपी आणि जास्त एअरबॅग असलेलंच मॉडेल घ्या.

हायवेवर सेडानची शांतता मलाही फार आवडते. तुमचा वापर मात्र रोजचं ऑफिस आणि गर्दीतलं पार्किंग असा असेल, तर छोटीच घ्या.