मदत हवी आहे: गॅलियम घ्यायचं तर ४एन की ६एन?

नमस्कार मंडळी. गुंतवणूक म्हणून १ किलो गॅलियम हा धातू घ्यायचा विचार आहे, ठेवणार बेळगावातच. ४एन म्हणजे ९९.९९ टक्के, यात भेसळ दहा लाखांत १०० भागांपर्यंत चालते. ६एनमध्ये फक्त १ भाग. इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्यांना ६एन-७एन लागतं, पण सील फुटलं की तो माल त्या दर्जाचा म्हणून कोणी घेत नाही. म्हणून माझा कल ४एनकडे आहे. चुकतोय का?

शहापुरातल्या सराफांकडच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या) मशीनवर ४एन आणि ६एन सारखेच दिसणार, तिची नजर तेवढी बारीक नाही. बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्यात आयसीपी-एमएस (अगदी सूक्ष्म भेसळही मोजणारी चाचणी) करून देणारी, गॅलियमचा नमुना घेणारी लॅब कोणती?

दुसरं साठवणीचं. हा धातू २९.७६ अंशांला वितळतो, म्हणजे आपल्याकडे एप्रिलात बाटलीत पाणीच. गोठताना तीनेक टक्के फुगतो, त्यामुळे काच नको, मऊ प्लास्टिकची बाटली आणि वर थोडी जागा. १ किलोला साधारण १७० मिली लागतात, तर २५० मिलीची बाटली पुरेल ना? ॲल्युमिनियमला लागला तर आत शिरून त्याचा भुगा करतो, तेव्हा वजनकाट्याचं ताट स्टीलचंच हवं. (गंमत म्हणजे निघतो तो ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, करतानाच!) दरवर्षी वितळून-गोठून दर्जा घसरतो का?

आणि मुख्य प्रश्न: सीलबंद १ किलो परत विकत घेणारं कोणी आहे का, आणि खरेदीच्या भावापेक्षा किती कापतात?