अमेरिकेच्या दक्षिणेत बिऱ्हाड हलवताना: गाव कसं ठरवलंत, शाळा कशी मिळाली? अनुभव लिहा

एडिसन, न्यू जर्सी

नमस्कार. चौदा वर्षं जर्सीत काढून आम्ही आता दक्षिणेत निघालोय. नवऱ्याच्या कंपनीने तीन पर्याय दिलेत: नॉर्थ कॅरोलायनात रॅली शहराच्या आसपास, अटलांटाच्या उत्तरेला, किंवा डॅलस. मुलगी नववीत आहे, जूनमध्ये संपेल. क्लॅरिनेट वाजवते. धाकटा येत्या 20 सप्टेंबरला पाच वर्षांचा होईल. सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात.

घरांच्या किमती, कर, शाळांना दहापैकी मिळालेले गुण, सगळ्याचे तक्ते करून झाले. ते तक्ते बघताना मला एकच वाटतं, की यात माझ्या मुलांचा दिवस कुठेच दिसत नाही. म्हणून विचारतेय. जे हलले त्यांनी आपापलं लिहा. काय आधी कळायला हवं होतं? काय बरं झालं? चुकलं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा, फक्त शाळेचं किंवा माणसाचं नाव घेऊ नका.

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

ताई, आधी धाकट्याचं बघा. इथे किंडरगार्टनला 31 ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण लागतात. जर्सीत बऱ्याच गावांत 1 ऑक्टोबरपर्यंत चालतं. आमची धाकटी 9 सप्टेंबरची. तिकडे राहिलो असतो तर शाळेत गेली असती, इकडे आणखी एक वर्ष प्रीस्कूल. ते पैसे आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. तुमच्या मुलाचंही तेच होणार. जॉर्जिया आणि टेक्सासमध्येही 1 सप्टेंबर आहे, त्यामुळे तिथेही सुटका नाही. पैशांचं जाऊ दे, पण दर आठवड्याला फोनवर तिची जर्सीतली मैत्रीण शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि ही गप्प व्हायची, ते फार लागलं.

दुसरं, कॅरी आणि रॅली ज्या वेक काउंटीत येतात (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), तिचा शालेय जिल्हा, म्हणजे शाळा चालवणारी यंत्रणा, एकच आहे आणि तो प्रचंड आहे, दीड लाखाहून जास्त मुलं. कॅरी, एपेक्स, मॉरिसविल, कुठेही घर घ्या, शाळा तेच ऑफिस देतं. पत्ता टाकला की तुमची बेस स्कूल, म्हणजे त्या पत्त्याला ठरलेली शाळा, दिसते. पण ती शाळा भरली असेल तर नव्याने आलेल्यांना दुसऱ्या शाळेत पाठवतात. आम्ही घर घेतलं ते समोरच्या शाळेसाठी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं मैदान दिसतं. रोज सकाळी गल्लीतली मुलं दप्तरं हलवत चालत तिकडे जायची आणि माझा मुलगा कोपऱ्यावर बसची वाट बघत उभा असायचा. दीड वर्ष मी ते बघितलं. सही करण्याआधी जिल्ह्याच्या ऑफिसात फोन करून सरळ विचारा: या पत्त्यावर, या इयत्तेत, आज जागा आहे का?

तिसरी गोष्ट मात्र आनंदाची. इथे काही शाळा वर्षभर चालतात. मुलांचे चार ट्रॅक, म्हणजे गट, असतात, साधारण नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी. एका वर्षी आमच्या ट्रॅकची सुट्टी नेमकी दिवाळीत आली. लग्नानंतर बारा वर्षांनी पहिल्यांदा कोल्हापुरात दिवाळी केली, पहाटेच्या अभ्यंगस्नानाला माझी दोन्ही मुलं त्यांच्या आजीच्या हाताखाली होती. यासाठी मी या गावाला काय वाट्टेल ते माफ करीन. मात्र बहुतेक हायस्कुलं नेहमीच्या कॅलेंडरवर चालतात. तुमची दोघं दोन वेगळ्या कॅलेंडरवर गेली तर एकत्र सुट्टी मिळवणं अवघड होईल, ते आधीच बघून ठेवा.

आणि नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येईल. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात, म्हणून काही जण इंग्रजी लिहून मोकळे होतात. मी मराठी लिहिलं. अर्ध्या-पाऊण तासाची चाचणी झाली, मुलगा पास झाला, विषय संपला. मुलाच्या देखत आपली भाषा लपवू नका एवढंच मनापासून सांगते.

फोर्साइथ काउंटी, जॉर्जिया

इथे पाकिटावरचं गावाचं नाव फसवं असतं. अल्फारेटा लिहिलेलं घर फुल्टन काउंटीत असेल नाहीतर फोर्साइथमध्ये. सुवानी म्हटलं तर ग्विनेट असू शकतं. काउंटी बदलली की शालेय जिल्हा बदलतो. त्यामुळे घर दाखवणाऱ्याला गाव विचारू नका, काउंटी विचारा.

शाळा ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. जर्सीच्या हिशेबाने तुम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे धरून चालाल आणि महिनाभर उशीर होईल. दाखल्यासाठी दोन फॉर्म लागतात: लसींचा 3231, आणि डोळे, कान, दात, पोषण यांचा 3300. पहिला जॉर्जियातल्याच डॉक्टरकडून किंवा आरोग्य केंद्रातून भरून घ्यावा लागतो. जुलैच्या शेवटी सगळ्यांची त्यासाठी झुंबड उडते. जूनमध्येच वेळ घेऊन ठेवा.

होप शिष्यवृत्तीबद्दल सगळे सांगतील. 1993 पासून लॉटरीच्या पैशांतून चालते, चांगले गुण असतील तर राज्याच्या कॉलेजची फी भरते, आणि त्यावरच्या झेल मिलर शिष्यवृत्तीसाठी शाळेतल्या गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, 3.7 व सॅट या प्रवेश परीक्षेत 1200 लागतात. पण त्यासाठी मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डवालं असावं लागतं. एच-4 व्हिसावरच्या (पालकांच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे असलेल्या) मुलांना ती मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने तीन वर्षं तिच्या भरवशावर काढली आणि बारावीत कळलं. त्या माऊलीचा चेहरा मी विसरू शकत नाही, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

एक गोष्ट जी घर घेताना मला कोणी सांगितली नाही. 1912 साली या काउंटीतल्या हजारावर कृष्णवर्णीय रहिवाशांना दहशत घालून हुसकावून लावलं होतं. त्यांच्या जमिनी, चर्च सगळं मागे राहिलं. पुढे कित्येक दशकं इथे जवळजवळ फक्त गोरी वस्ती होती. 1987 च्या जानेवारीत त्याविरुद्ध सुमारे वीस हजार लोकांचा मोर्चा निघाला. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या दिवसांतली गोष्ट. आज माझ्या गल्लीत तेलुगू, गुजराती, कोरियन घरं आहेत, दसऱ्याला सोनं वाटायला आठ दारं आहेत. मुलगी सातवीत असताना तिने कुठेतरी वाचलं आणि विचारलं, आई, तुला माहीत होतं का? मला नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून वाचलं. ज्या मातीत मुलं वाढणार तिचा इतिहास पालकांनी आधी वाचावा, असं मला तेव्हापासून वाटतं. घर सोडावंसं वाटलं नाही, पण मतदानाला आणि शाळा मंडळाच्या बैठकीला जायला लागले ती तेव्हापासून.

सासूबाईंसाठी: मार्चच्या शेवटी पाइनचा पराग येतो. गाडी, पायऱ्या, झोपाळा, सगळीकडे हळद सांडल्यासारखं पिवळं होतं. दमा असेल तर त्या महिन्यात त्यांना बोलावू नका.

डॅलसच्या उत्तरेला, टेक्सास

मुलगी नववीत आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इथे शालेय जिल्हा म्हणजे आयएसडी (इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट), आणि त्याचा नगरपालिकेशी संबंध नाही. फ्रिस्को गावातलं घर फ्रिस्को आयएसडीत असेल, नाहीतर प्रॉस्परमध्ये, लुईसव्हिलमध्ये किंवा लिटल एल्ममध्ये. आम्ही नवीन वसाहतीत घर बुक केलं तेव्हा विक्री ऑफिसच्या भिंतीवर एका शाळेचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. घर तयार होईपर्यंत जवळ नवी शाळा उघडली, हद्दी पुन्हा आखल्या आणि आमची गल्ली दुसरीकडे गेली. भिंतीवरच्या अक्षरांना करारात काहीच आधार नव्हता. उत्तरेकडच्या वाढत्या गावांत असं वरचेवर होतं. शाळा आवडली असेल तर तिच्या अगदी जवळचं, जुनं घर घ्या. काठावरच्या गल्ल्या आधी हलतात.

राज्याचा इन्कम टॅक्स नाही याचा आनंद पहिल्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलापर्यंत टिकतो. त्यात मोठा वाटा शाळेचाच असतो. नव्या वसाहतीत पाणी-गटाराच्या जिल्ह्याचा, म्हणजे मडचा, कर वेगळा लागतो. तो दर विचारल्याशिवाय मासिक हप्त्याचं गणित करू नका.

आता मुख्य. टेक्सासमध्ये 1997 पासून कायदा आहे की वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या यूटीत, म्हणजे टेक्सास विद्यापीठात, तो आकडा कमी होत गेला. सहा टक्के होता, 2026 च्या प्रवेशापासून पाच केलाय. म्हणजे ज्या शाळेत सगळीच मुलं हुशार, तिथे तुमची हुशार मुलगी पहिल्या पाच टक्क्यांत येणं सर्वात कठीण. आम्ही हे उलटं समजलो होतो. दहापैकी दहा गुणांची शाळा शोधली, जास्त पैसे मोजले. मुलगा दहावीनंतर आला. आधीच्या राज्यातल्या ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीच्या, विषयांना इथे त्याला वाटलं तेवढं वजन मिळालं नाही, क्रमांक घसरला. सोळा वर्षांचं पोर रात्री दोन वाजता टेबलावर डोकं टेकून झोपलेलं मी कितीदा उठवलं आहे. त्याला कधी नापास झाल्याचा अनुभव नव्हता, आणि इथे 94 टक्के म्हणजे मागे राहिल्यासारखं. तो आता दुसऱ्या विद्यापीठात आहे, आनंदात आहे. पण ती दोन वर्षं त्याला परत देता येत नाहीत.

डॅलस निवडलंत तर नववीनंतर लगेच या, अकरावीची वाट बघू नका. आणि येण्याआधी शाळेच्या काउन्सेलरला तिचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, पाठवून लेखी विचारा: कोणता विषय कोणत्या वजनाने धरणार?

मराठी माणसं भरपूर आहेत. 2019 चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन इथेच झालं. आजींना इथे करमेल, मात्र देवळापर्यंत कुणीतरी गाडीने सोडावंच लागेल.

कॅटी, ह्यूस्टनजवळ

एवढंच सांगायचंय. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी चक्रीवादळ आलं तेव्हा आमचं घर पाण्यात गेलं. जवळचा बार्कर जलाशय मोठा पाऊस सोडला तर कोरडा असतो, तिथे लोक सायकल चालवतात. तो भरला की पाणी कुठवर पसरणार त्या रेषेच्या आत आमची वसाहत आहे, हे घर घेताना कळलं नव्हतं. शाळा उत्तम, शेजार उत्तम, म्हणून घेतलं होतं. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो. मुलीची पहिली ते तिसरीची चित्रं खालच्या कपाटात होती.

डॅलस-अटलांटावाल्यांनीही घराचा पुराचा नकाशा बघावा. शाळेच्या नकाशाआधी.

बेंटनविल, आर्कान्सा

आम्ही मोठ्या शहरांच्या यादीत नाही, तरी लिहिते. वॉलमार्टचं मुख्य ऑफिस इथे, म्हणून आलो. पुण्यातून आलेल्या माणसाला गाव लहान वाटतं. पण क्रिस्टल ब्रिजेससारखं कलासंग्रहालय फुकट बघायला मिळतं, आणि मुलगा तिथे जवळजवळ दर रविवारी चित्रं काढत बसतो.

पहिल्या आठवड्यात तीन शेजारणी केक घेऊन आल्या. तिघींनी विचारलं, कोणत्या चर्चला जाता? मी आधी बिचकले. इथे तो प्रश्न आपल्या ‘गाव कुठलं तुमचं?’सारखा असतो. आम्ही हिंदू आहोत म्हटल्यावर एकीने मनापासून विचारलं, मग मुलांना काय खायला चालत नाही ते सांगा. पण बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये मुलांचा कार्यक्रम असतो आणि मुलीच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मैत्रिणी तिथे जातात. बुधवारची संध्याकाळ तिला रिकामी जायची. आम्ही मग बुधवारीच दोन-तीन घरं मिळून मुलांना जमवायला लागलो, कधी गणपतीची आरती शिकवायची, कधी नुसते खेळ. पुढे तिच्या दोन मैत्रिणी कधीमधी आमच्याकडे यायला लागल्या.

लहान गावात मराठी घरं मोजकी, त्यामुळे गणपतीत सगळे एकाच घरात असतात. भांडण झालं तरी दुसरं मंडळ काढायला माणसं नाहीत, मिटवावंच लागतं.

फोर्ट मिल, साउथ कॅरोलायना

(माझं मराठी बोलण्यापुरतं आहे. मी सांगतेय, आई टाइप करतेय.)

मी दहावीच्या आधी कॅलिफोर्नियातून आले. आई-बाबांनी शाळेचे गुण बघितले, मी शाळेत बँड आहे का ते बघितलं. इथे फुटबॉल आणि मार्चिंग बँड म्हणजे खूप मोठी गोष्ट आहे. बँडचा कॅम्प शाळा सुरू व्हायच्या आधी असतो, उन्हात, दिवसभर. मी बेशुद्ध पडेन असं वाटलं होतं. पण शाळेच्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला कुठे बसायचं ते माहीत होतं, कारण क्लॅरिनेटच्या सगळ्या मुली एकाच टेबलवर बसतात. माझा भाऊ कशातच नव्हता, तो ऑक्टोबरपर्यंत लायब्ररीत जेवला.

तुमच्या मुलीला सांगा, बँडच्या सरांना एप्रिल-मेमध्येच ईमेल करायचं. आईने नाही, तिने स्वतः. आणि टीचरना येस मॅम, येस सर म्हणायचं, ते त्यांना मनापासून आवडतं.

एडिसन, न्यू जर्सी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कॅटीच्या ताईंचं वाचून मी उठून वरच्या कपाटात मुलांची चित्रं ठेवून आले.

मुलीला फोर्ट मिलचं वाचून दाखवलं. काल रात्री तिने तिन्ही ठिकाणच्या एकेका बँडच्या सरांना ईमेल लिहिलं, मला न दाखवता पाठवलं. कॅरीहून आज सकाळीच उत्तर आलं, क्लॅरिनेटला जागा आहे, कॅम्पच्या तारखाही दिल्यात. त्या शाळेत दहावीत जागा आहे का, हे सोमवारी फोन करून विचारते. ट्रान्सक्रिप्टबद्दल डॅलसलाही लिहितेच आहे. सासूबाईंचं एकच विचारणं आहे, घरापासून चालत जायला फूटपाथ आहे का. एप्रिलच्या सुट्टीत त्यांना बरोबर घेऊन तिकडे जातोय, त्यांना तिथे चालून बघू दे.