सुमेधचं ट्रकचं लायसन्स आणि आमचा फॅमिली ग्रुप

सुमेध: मंडळी शिकाऊ परमिट मिळालं! जनरल नॉलेज, एअर ब्रेक, कॉम्बिनेशन (म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडलेली गाडी), तिन्ही लेखी पहिल्या फटक्यात. आता निदान १४ दिवस परमिट हातात असल्याशिवाय गाडीची टेस्ट देता येत नाही, तोवर ड्रायव्हिंगची शाळा बघतोय

विजूआत्या: कसलं परमिट रे? रिक्षाचं??

सुमेध: नाही गं आत्या, ट्रकचं. सीडीएल म्हणतात इकडे अमेरिकेत, म्हणजे कमर्शियल गाड्यांचं लायसन्स, त्यातला क्लास ए. ट्रक आणि मागे ट्रेलर मिळून २६,००१ पौंड किंवा जास्त, म्हणजे १२ टनाच्या आसपास, आणि नुसता ट्रेलरच १०,००० पौंडांच्या वर असला तर हे लागतं

विजूआत्या: अरे पण इंजिनीअर ना तू 🙄 आईला माहितीये का तुझ्या

सुमेधची आई: माहितीये वन्सं. मीच म्हटलं कर. घरात बसून तोंड पाडण्यापेक्षा बरं

नितीनदादा: अभिनंदन रे! आता मी सांगतो ते ऐक, माझी झालीत ४ वर्षं गाडी चालवून. सगळ्यांना वाटतं अवघड काय तर हायवेवर एवढं धूड चालवणं. खोटं आहे. लोक नापास होतात ते गाडी उभी असताना. टेस्टचे तीन भाग, आधी गाडीची तपासणी, मग ग्राउंडवर रिव्हर्स वगैरे, आणि शेवटी रोड. तपासणीत एकेका वस्तूला हात लावून तोंडाने बोलायचं, हे काय आहे, तुटलंय का, सैल आहे का, गळतंय का. मनात बघितलेलं धरत नाहीत

बापूकाका: एअर ब्रेक आहे ना गाडीला? मग प्रेशर भरल्याशिवाय हलवायची नाही. एसटीत पहिल्या दिवशी हेच शिकवलं आम्हाला

नितीनदादा: काका अगदी तेच. आणि मी तिथेच आपटलो पहिल्या वेळी 😅 इंजिन बंद करून ब्रेक सोडायचे, पेडल दाबून धरायचं, एका मिनिटात ट्रेलरसकट ४ पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचं माप) जास्त हवा जाता कामा नये. मग पेडल मारत मारत हवा कमी करायची, ५५ च्या खाली जायच्या आत बझर आणि लाइट लागलाच पाहिजे, आणखी कमी केली की २० ते ४५ च्या मध्ये डॅशवरची पार्किंग ब्रेकची बटणं आपोआप टपकन बाहेर येतात. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली परत ऑन करायलाच विसरलो. मग बझर कुठून वाजणार, करंटच नाही. मी आपला पेडल मारतोय, एक्झामिनर शांतपणे कागदावर लिहितोय. ही ब्रेकची टेस्ट चुकली की तिथल्या तिथे नापास, बाकी कितीही छान येऊदे

बापूकाका: बटणं बाहेर आली म्हणजे स्प्रिंग ब्रेक लागले. हवा गेली की गाडी थांबते, पळत नाही. लोकांना उलटंच वाटतं

सुमेध: दादा आणि रिव्हर्स? व्हिडिओ बघून डोकं फिरलं माझं

नितीनदादा: स्टिअरिंगचा खालचा भाग धर, सहाच्या काट्यावर. ट्रेलरचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे हात ने, बस्स. आणि हळू, अगदी मुंगीच्या चालीने. ट्रेलर वळायला लागला की लगेच त्याच्या मागे जायचं, उशीर झाला की ट्रक आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात. शंका आली की उतरून बघ, उतरायची मुभा असते पण मोजून, आणि उतरण्याआधी ब्रेक लाव, खरंच लोक विसरतात

स्नेहा: मला वाटलं पैसे भरून ३ आठवड्यात मिळतं 😀

नितीनदादा: शाळावाले सांगतात तसं. फेब्रुवारी २०२२ पासून सरकारी यादीतल्या ट्रेनरकडूनच ट्रेनिंग घ्यावं लागतं, पण तासांचं बंधन केंद्राने घातलेलं नाही, त्यामुळे कोणी नीट शिकवतं, कोणी चार चकरा मारून पाठवून देतं. माझी शाळा दुसऱ्या जातीची. एका ट्रकमागे सहा जण, दिवसभरात माझ्या वाट्याला जेमतेम अर्धा तास स्टिअरिंग. सुमेध तू पैसे भरायच्या आधी हे विचारून घे. ट्रक ऑटोमॅटिक आहे का तेही विचार, ऑटोमॅटिकवर टेस्ट दिलीस तर लायसन्सवर गिअरवाला कमर्शियल ट्रक चालवायची बंदी लागते. आणि कंपनी फुकट शिकवते म्हणाली तर करार वाच, मध्येच नोकरी सोडली तर पैसे परत मागतात

विजूआत्या: तब्येतीचं काय? तुझ्या बाबांना बीपी होतं हो

सुमेध: मेडिकल झाली आत्या. १४०/९० च्या खाली बीपी असेल तर कार्ड २ वर्षांचं मिळतं, नाहीतर कमी मुदतीचं. मला २ वर्षांचं मिळालंय

विजूआत्या: देव पावला. पण रात्रंदिवस चालवायचं म्हणजे

नितीनदादा: नाही चालवू देत आत्या. १० तास विश्रांती झाल्यावर जास्तीत जास्त ११ तास चालवायचं, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. गाडीत मशीन असतं, सगळं नोंदवतं, मालकाचं पण काही चालत नाही

विजूआत्या: मग ठीक आहे. इथल्या ड्रायव्हरांना पण लावा म्हणावं ते मशीन

नितीनदादा: सुमेध, आता इथेच म्हणून दाखव. पुढचा टायर

सुमेध: ट्रेड (टायरच्या खाचांची खोली) कमीत कमी ४/३२ इंच, चिरलेला फुगलेला नाही, हवा गेजने बघितली, रिम वाकलेली नाही, नट सगळे आहेत, गंज नाही. मागचे टायर तसेच फक्त ट्रेड २/३२

बापूकाका: आणि मागच्या जोडचाकांत दगड अडकलाय का बघितलंस का रे

नितीनदादा: काका हे पण असतं टेस्टमध्ये 😂 सुमेध, विसरलास. पहिल्यापासून म्हण

सुमेध: 🙏 पुढचा टायर, ट्रेड कमीत कमी ४/३२…