चौथा महिना आणि सहा महिन्यांची नेमणूक

प्रश्न: मला चौथा महिना चालू आहे. एका कनिष्ठ महाविद्यालयात, रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी सहा महिन्यांची नेमणूक मिळत आहे. पण माझी तारीख नेमकी बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर येते. मुलाखतीत कोणी विचारले नाही, मीही बोलले नाही. रुजू होण्यापूर्वी सांगणे माझे कर्तव्य आहे का?

प्रतिसाद १: ताई, गप्प राहिलात म्हणून तुम्ही फसवणूक केली असे होत नाही. नीरा माथुर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरतीच्या घोषणापत्रातील पाळी व गरोदरपणाविषयीचे प्रश्न काढून टाकण्यास आयुर्विमा महामंडळाला सांगितले आणि कामावरून काढलेल्या त्या बाईंना परत घ्यायला लावले. ज्या गोष्टीमुळे बाईची संधी हिरावली जाते, ती तिनेच आधी उघड करावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

प्रतिसाद २: हक्क मान्य, परंतु वर्गातल्या मुलांचेही काही देणे लागतो. नेमणूकपत्र हाती पडताच प्राचार्यांना सांगावे, अभ्यासक्रम दिवाळीनंतर लवकर संपवावा आणि सराव प्रश्नपत्रिका व उत्तरसूची तयार करून ठेवाव्यात.

प्रतिसाद ३: प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरले, तर पगारी रजेचा हक्क मिळतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानुसार कंत्राटाची मुदत संपली म्हणून तो लाभ थांबत नाही. म्हणून हजेरीची नोंद जपून ठेवा.