शेंदेलोणाची सामूहिक खरेदी आणि आयोडीनचा प्रश्न

सचिव (ए-२०३):
सर्व सभासदांना नमस्कार. चातुर्मासाच्या निमित्ताने शेंदेलोणाची एकत्रित मागणी नोंदवावी, असा प्रस्ताव बी विंगमधील काही सभासदांनी मांडला आहे. प्रत्येक घराने किमान पाच किलो घेतल्यास विक्रेता सवलत देण्यास तयार आहे. त्याने पाठवलेल्या माहितीपत्रकात या मिठात चौऱ्याऐंशी खनिजे असल्याचे म्हटले असून नेहमीचे पाकिटातील मीठ पूर्णपणे बंद करण्याचा सल्लाही दिला आहे. आपली मते कृपया येथेच नोंदवावीत. शुक्रवारी संध्याकाळी मागणी पाठवली जाईल.

जोशी काकू (बी-४०१):
माझे पाच किलो धरावे. उपवासाला आम्ही पूर्वीपासून हेच मीठ वापरतो. आता रोजच्या स्वयंपाकातही तेच वापरावे, असा विचार आहे. पाकिटातील मिठावर कारखान्यात प्रक्रिया होते, त्यात बाहेरून रसायन मिसळले जाते, आणि हे मीठ मात्र जसे खाणीतून निघते तसे आपल्या घरी येते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

देशमुख (बी-१०३):
काकूंशी सहमत आहे. आपले आजोबा-पणजोबा मिठागरातले जाडे मीठ खात होते आणि त्यांना कोणी आयोडीन विचारले नव्हते. सरकारने सक्ती केली ती मोठ्या कंपन्यांच्या सोयीसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेघनाताई (सी-५०२):
सचिवसाहेब, मागणी पाठवण्यापूर्वी मला थोडे सविस्तर लिहू द्यावे. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे संदेश लांबला तर सर्वांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम चौऱ्याऐंशी खनिजांविषयी. एखाद्या पदार्थात किती प्रकारची खनिजे आहेत, या संख्येला आरोग्याच्या दृष्टीने जवळजवळ काही अर्थ नसतो. प्रत्येकाचे प्रमाण किती, हाच खरा प्रश्न असतो. शेंदेलोणात सुमारे ९७ ते ९८ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम शेंदेलोणातले मीठ वगळले, तर उरलेल्या साऱ्या खनिजांच्या वाट्याला मिळून १०० ते १५० मिलिग्रॅम येतात. आपल्याला एकट्या कॅल्शियमचीच दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम गरज असते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाची एकच भाकरी दिवसभराच्या शेंदेलोणातील सर्व खनिजांच्या एकत्रित वजनाहून अधिक कॅल्शियम देते. तिळात तर शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. शेंदेलोणाला गुलाबी छटा येते ती लोहाच्या संयुगांमुळे, परंतु रंग येण्यापुरते लोह आणि रक्त वाढण्यापुरते लोह यांत फार अंतर आहे. प्रौढ स्त्रीसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये सुचवलेले लोहाचे दैनंदिन प्रमाण २९ मिलिग्रॅम आहे, आणि चिमूटभर गुलाबी मिठातून त्याचा शतांशही मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. लोह अंगी लागण्यासाठी त्यांना मीठ बदलण्यापेक्षा जेवणासोबतचा चहा टाळून पालेभाजीवर लिंबू पिळण्याचा उपयोग अधिक होईल.

मेघनाताई (सी-५०२):
आता आयोडीन. देशमुखांचा आजोबा-पणजोबांचा मुद्दा मला गंभीर वाटतो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

शरीरात आयोडीन एकूण १५ ते २० मिलिग्रॅम असते आणि त्यातला मोठा भाग गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठलेला असतो. थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, आणि त्यांच्या जागी शरीर दुसरे काही वापरू शकत नाही. अन्नातून पुरेसे आयोडीन आले नाही, तर मेंदूतील पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला सतत चेतवत राहते आणि ती ग्रंथी फुगते, तोच गलगंड. गलगंड दिसतो तरी. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, ती मात्र बाहेरून कोणालाही दिसत नाही.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या विषयाचा पाया मानला जातो. सुमारे एक लाख वस्तीचा प्रदेश त्यांनी तीन विभागांत वाटला. दोन विभागांत आयोडीन मिसळलेले मीठ पुरवले आणि तिसऱ्यात साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले आणि तिसऱ्यात तसे झाले नाही. मग तिथेही आयोडीनयुक्त मीठ सुरू करण्यात आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो या अनुभवाच्या बळावर. गुम्मा आणि द्रंग येथे शेंदेलोणाच्या खाणी असलेला मंडी जिल्हा या कांगड्याला अगदी लागून आहे, हे येथे मुद्दाम नमूद करते. खाणीतले मीठ शेजारी असूनही त्या प्रदेशाची गलगंडातून सुटका झालेली नव्हती, कारण त्या मिठात उपयोगी पडेल इतके आयोडीनच नसते.

जाड्या मिठाचेही तेच. समुद्राच्या पाण्यात थोडे आयोडीन असते, पण मिठागरात पाणी आटून मीठ तयार होताना त्यातले फारच थोडे खड्यांत उरते. किनाऱ्यावरच्या माणसाला आयोडीन मिळते ते मुख्यतः मासळीतून. घाटावरचा शाकाहारी पणजोबा तेच जाडे मीठ खात असला, तरी त्याला ते मिळत नव्हते. डोंगराळ आणि पूरप्रवण भागांत पावसाने मातीतले आयोडीन वाहून जाते, त्यामुळे तिथल्या धान्यात आणि भाजीतही ते कमी उतरते. नंतरच्या सर्वेक्षणांत ही कमतरता हिमालयापुरती मर्यादित नसून मैदानी आणि किनारी जिल्ह्यांतही असल्याचे दिसले. म्हणूनच १९९२ मध्ये त्या कार्यक्रमाचे नाव बदलून त्याची व्याप्ती गलगंडापलीकडे, आयोडीनच्या कमतरतेच्या सर्व विकारांपर्यंत नेण्यात आली.

देशमुख (बी-१०३):
ताई, कांगड्याची माहिती मला नवीन आहे. तरीही सक्तीचा प्रश्न उरतोच. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी मध्ये उठवली होती ना?

मेघनाताई (सी-५०२):
होय. १९९८ मध्ये घातलेली बंदी केंद्र सरकारने २००० मध्ये उठवली आणि २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नभेसळ कायद्याखालील तो नियम कायद्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला, परंतु सार्वजनिक आरोग्याचा विचार करून तो सहा महिने चालू ठेवण्यास मुभा दिली. अन्नसुरक्षा कायद्याखाली हे बंधन आजही आहे. लोणची व इतर टिकाऊ पदार्थ, औषधे, जनावरे आणि उद्योग यांसाठी साधे मीठ तसे स्पष्ट लिहून विकता येते. काय खावे हे सरकारने ठरवावे का, हा वाद तात्त्विक पातळीवर मला मान्य आहे. मात्र आयोडीन कंपन्यांच्या सोयीसाठी आले, हे मला मान्य नाही, कारण कांगड्याचे काम त्या सक्तीच्या चार दशके आधीचे आहे.

जोशी काकू (बी-४०१):
मेघनाताई, पण बाहेरून मिसळलेल्या रसायनाचे काय? आणि उपवासाला शेंदेलोण खाल्ले तर आयोडीन कमी पडेल का?

मेघनाताई (सी-५०२):
काकू, मिसळले जाते ते पोटॅशियम आयोडेट. ग्राहकाच्या हाती पडताना एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण आहे. प्रौढ माणसाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या सातव्या भागाइतकी असते. किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या ५ ग्रॅम चांगल्या मिठातून ती भागते, किमान प्रमाणाच्या मिठातून निम्मी. मीठ निकृष्ट असेल तर मात्र नाही. दमट हवेत, उघड्या बरणीत आणि शेगडीजवळ आयोडीन हळूहळू उडून जाते, म्हणून झाकण घट्ट असावे आणि जमेल तिथे मीठ स्वयंपाकाच्या शेवटी घालावे.

एकादशीच्या किंवा श्रावणी सोमवारच्या उपवासाने काहीही कमी पडत नाही, कारण थायरॉइडजवळ काही आठवड्यांची बेगमी असते. आपण ते श्रद्धेने आणि चवीसाठी खाता, ते निश्चिंतपणे खावे. माझा आक्षेप वर्षभर, प्रत्येक जेवणात, घरातल्या सर्वांनी केवळ तेच खाण्याला आहे.

पाटील वहिनी (सी-३०४):
आमच्या सूनबाईंना तिसरा महिना चालू आहे. तिला काही वेगळे करायला हवे का? शिवाय मला स्वतःला थायरॉइडची गोळी आहे आणि मला कोणीतरी आयोडीनचे मीठ सोडायला सांगितले आहे.

मेघनाताई (सी-५०२):
वहिनी, अभिनंदन. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात आयोडीनची गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते. बाळाची स्वतःची थायरॉइड बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि पुढेही काही आठवडे ती पुरेशी नसते. तोवर त्याच्या मेंदूची सारी मदार आईच्या संप्रेरकावर असते. आपल्या घरात तर शेंदेलोणाचा बदल या वर्षी मुळीच करू नये. दूध, दही, अंडी आणि चालत असल्यास मासळी चालू ठेवावी. समुद्रशैवालाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

आपल्यासारखा थायरॉइडचा मंदावलेपणा बहुतेक वेळा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यामुळे होतो. त्यासाठी रोजच्या जेवणातले आयोडीनयुक्त मीठ सोडण्याची सहसा गरज नसते. किरणोत्सारी आयोडीनची तपासणी किंवा उपचार करायचे असतील, तर काही दिवस आयोडीन कमी करायला सांगतात. आपल्याला दिलेला सल्ला आपल्या डॉक्टरांचा असेल, तर त्यांनाच कारण विचारावे.

शिंदे काका (ए-६०१):
माझा रक्तदाब वाढलेला असतो. शेंदेलोणाने रक्तदाब वाढत नाही, असे त्या पत्रकात लिहिले आहे. दुकानात कमी सोडियमचे मीठही मिळते. दोन्हींपैकी काय घ्यावे?

मेघनाताई (सी-५०२):
काका, रक्तदाब सोडियमने वाढतो आणि शेंदेलोणात सोडियम जवळजवळ तेवढेच असते, त्यामुळे पत्रकातले ते विधान मला घातक वाटते. कमी सोडियमच्या मिठाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार जणांवर केलेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा साठी उलटलेल्या व रक्तदाब असलेल्या लोकांना त्यात असे मीठ दिले, आणि पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. तथापि मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम शरीरात साठवून ठेवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर हेच मीठ हृदयाचे ठोके बिघडवू शकते. आपल्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून मगच ठरवावे, आणि तोपर्यंत पापड, लोणचे, फरसाण कमी करावे. तो भाग मीठ बदलण्याहून कठीण असतो, याची मला कल्पना आहे!

देशमुख (बी-१०३):
ताई, शेवटचा प्रश्न. खनिजे सूक्ष्म प्रमाणातच लागतात, हे समजले. मग ती थोडी जास्त गेली तर बिघडते कुठे?

मेघनाताई (सी-५०२):
बिघडते, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीनंतर रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढल्याचे सांगितले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. हेच सेलेनियम थायरॉइडच्या संप्रेरकाला कार्यक्षम रूप देणाऱ्या विकरांमध्ये (एन्झाइममध्ये) आवश्यक असते, आणि ते कमी पडले तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे चीनमधील केशान आजारामुळे कळले. गरज दिवसाला जेमतेम ४० ते ५५ मायक्रोग्रॅमची, आणि ४०० च्या वर सातत्याने गेले तर धोका. म्हणून अमुक इतकी खनिजे असल्याचा दावा वाचला, की त्यांत कोणती, किती आणि शिसे-आर्सेनिकची तपासणी झाली आहे का, हे मी आधी पाहते. या पत्रकात त्यांपैकी काहीच दिलेले नाही.

सचिव (ए-२०३):
चर्चेबद्दल सर्वांचे आभार. पाच किलोची अट विक्रेत्याशी बोलून काढून टाकली आहे. आता अर्ध्या किलोची पाकिटे केवळ उपवासासाठी मागवता येतील. त्याचे माहितीपत्रक मी ग्रुपवरून काढत आहे. नेहमीचे मीठ घेताना पाकिटावर हसऱ्या सूर्याचे, म्हणजे आयोडीनयुक्त मिठाचे चिन्ह पाहावे, असे मेघनाताईंनी सुचवले आहे.

जोशी काकू (बी-४०१):
माझे पाच किलो रद्द करून अर्ध्या किलोची दोन पाकिटे लिहावीत. एक आमच्या घरी आणि एक वरच्या मजल्यावरच्या आजींसाठी. त्यांना ग्रुप वाचता येत नाही.

मेघनाताई (सी-५०२):
सचिवसाहेब, मिठात आयोडीन आहे की नाही हे दाखवणारा थेंबांचा एक साधा तपासणी संच मिळतो; मीठ योग्य असेल तर त्यावर निळसर-जांभळा रंग येतो. तो मिळाला तर रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये बसेन. ज्यांना हवे असेल त्यांनी आपल्या बरणीतले चमचाभर मीठ कोरड्या पुडीत आणावे आणि पुडीवर घराचा क्रमांक लिहावा.