ग्रामपंचायतीच्या संगणकीकरणात आधी काय घ्यावं?

प्रश्न: मी पहिल्यांदाच सरपंच झालेय. यंदाच्या विकास आराखड्यात संगणकासाठी थोडे पैसे धरतेय. सदस्य म्हणतात, सीसीटीव्ही घ्या. मला नमुना 8 ची कर आकारणी नोंदवही खुपते. पानं फाटलीत, घर विकलं तरी नाव जुन्याच मालकाचं. आधी काय करू?

उत्तर: ताई, नोंदवहीच! मी 25 वर्षं ग्रामसेवक होतो. आधी घरोघरी मोजमाप आणि नावं तपासा, मगच संगणकात भरा. नमुना 8 चुकला की नमुना 9 ची करमागणीही चुकते, आणि लोक भरणाच थांबवतात.

उत्तर: इन्व्हर्टरही धरा. आमच्याकडे ऐन जूनमध्ये, दाखल्यांच्या गर्दीत वीज जायची.

प्रश्नकर्ती: ठरलं. तपासलेल्या नावांची यादी ग्रामसभेत वाचते. घरं नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचे अर्जही तेव्हाच घेते.